समाजशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय राजकारण एकत्र शिकताना

बी.ए.ला समाजशास्त्र आणि जोडीला आंतरराष्ट्रीय राजकारण असा बेत असेल, तर आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दोन्ही विषयांचा सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र विषय नसतो. तो राज्यशास्त्राच्या पोटात असतो आणि त्याचा पेपर बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येतो. राज्यशास्त्र मायनर (दुय्यम विषय) म्हणून घेतलं तर हा पेपर आपल्याला मिळणार की तो फक्त मेजरवाल्यांसाठी, म्हणजे तो मुख्य विषय असणाऱ्यांसाठी आहे, हे प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचारा. इथे गफलत झाली की राज्यघटना आणि स्थानिक शासन शिकून बाहेर पडायची वेळ येते, आणि ज्यासाठी विषय घेतला ते राहूनच जातं.

मेजर कोणतं ठेवायचं? आमचं मत समाजशास्त्राच्या बाजूने आहे. संशोधन पद्धतीचे पेपर आणि प्रकल्प सहसा मेजरला असतात. मुलाखत कशी घ्यायची, नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कुठे फसते, हे कुणीतरी चुका दाखवत शिकवावं लागतं. करार, ठराव, परराष्ट्र धोरण यांचं बरंचसं वाचन मात्र ग्रंथालयात बसून स्वतः करता येतं. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधात एम.ए. करायचंच असं पक्कं असेल, तर त्या विद्यापीठाची प्रवेशाची अट आजच वाचून ठेवा. यूपीएससीसाठी दोन्ही विषय उपयोगी पडतील असं समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे वैकल्पिक विषय एकच घेता येतो आणि त्याचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. दुसऱ्या विषयाचा उपयोग सामान्य अध्ययनात होतो, कारण भारतीय समाज पहिल्या पेपरात आहे आणि आंतरराष्ट्रीय संबंध दुसऱ्यात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एक क्रेडिट म्हणजे १५ तास अध्यापन, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला सत्रभरात ६० तास. वर्गातल्या दर तासामागे घरी निदान एक तास वाचन धरा. त्यापेक्षा कमी वाचलं तर प्रश्नसंच पाठ करण्यापलीकडे काही होत नाही.

शब्दांची वही

दोन्ही विषय मराठीतून शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण शब्दांची असते, आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. एकच मराठी शब्द दोन वर्गांत दोन अर्थांनी येतो, आणि बाहेर रस्त्यावर त्याचा तिसराच अर्थ असतो. म्हणून एक वही वेगळी ठेवा. पानाचे तीन उभे भाग करा: बोलण्यातला अर्थ, समाजशास्त्रातला, आंतरराष्ट्रीय राजकारणातला. सुरुवात पुढच्या शब्दांपासून करा.

'समाज' घ्या. बोलण्यात मराठा समाज, माळी समाज असं आपण जातीसाठी किंवा समुदायासाठी म्हणतो. समाजशास्त्रात समाज म्हणजे परस्परसंबंधांची अख्खी व्यवस्था. आणि आंतरराष्ट्रीय राजकारणात 'राज्यांचा समाज' अशी कल्पना आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक हेडली बुल यांनी ती मांडली: राज्यांवर कुणी शासनकर्ता नसला तरी ती काही नियम, प्रथा आणि हितसंबंध समान मानतात. वहीत हे तीन अर्थ शेजारी शेजारी नसतील, तर उत्तरात ते हमखास एकमेकांत मिसळतात.

'राज्य' आणि 'राष्ट्र' यांचा घोळ त्याहून जुना. महाराष्ट्र हे राज्य आहे, पण आंतरराष्ट्रीय राजकारणातलं 'राज्य' म्हणजे सार्वभौम शासन, भूभाग आणि लोकसंख्या असलेला घटक. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असं मानणारा लोकसमूह. तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विखुरलेले कुर्द स्वतःला राष्ट्र मानतात, पण त्यांचं राज्य नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य खरं तर राज्यं आहेत. नावातच घोटाळा असल्यामुळे परीक्षेत सावध राहा.

'अराजक' म्हटलं की डोळ्यांसमोर दंगल येते. आंतरराष्ट्रीय राजकारणात त्याचा अर्थ इतकाच, की राज्यांच्या वर हुकूम चालवणारी सत्ता नाही. अशा अराजकात वर्षानुवर्षं शांतता आणि व्यापारही चालू शकतो. 'संस्था' म्हणजे आपल्याकडे शाळा चालवणारं मंडळ, पण समाजशास्त्रात विवाह हीसुद्धा संस्था आहे. कार्यालय, फलक, कर्मचारी असं काही असेल तर 'संघटना' लिहा, आणि रुजलेल्या नियमांना 'संस्था' म्हणा. 'वास्तववाद' हा शब्द कथा-कादंबऱ्यांच्या चर्चेतून ओळखीचा असतो. आंतरराष्ट्रीय राजकारणात तो सत्ता आणि सुरक्षा यांना केंद्रस्थानी ठेवणारा सिद्धान्त आहे. सत्ता, अधिसत्ता (लोकांनी मान्य केलेली सत्ता) आणि अधिमान्यता (ती सत्ता योग्य आहे ही लोकांची मान्यता) यांतला फरक समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या धड्यात नीट समजून घ्या. तो दोन्ही विषयांत अखेरपर्यंत पुरतो.

सिद्धान्त जोडीने वाचा

समाजशास्त्राच्या वर्गात वेबर आणि राज्यशास्त्राच्या वर्गात वास्तववादी मॉर्गेन्थाऊ असे सुटे सुटे शिकले की दोघेही कोरडे वाटतात. मॉर्गेन्थाऊच्या सत्ताविचारावर वेबरचा प्रभाव आहे. दुसरा वास्तववादी केनेथ वॉल्ट्झ; राज्यांच्या व्यवस्थेची 'संरचना', म्हणजे त्यांच्यातल्या सत्तेची एकूण रचना, मांडताना त्याने समाजशास्त्रज्ञ दरखाइमचा आधार घेतला. वॉलरस्टाइन समाजशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या विश्व-व्यवस्थेच्या (श्रीमंत केंद्र आणि गरीब परीघ अशा जगाच्या) मांडणीची मुळं मार्क्समध्ये आहेत. राज्यांचे हितसंबंध आपापसांतल्या वागण्यातून घडतात असं सांगणारा अलेक्झांडर वेंटचा रचनावाद 'आपण कोण हे इतरांशी वागता-वागता ठरतं' या समाजविचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीडच्या विचाराशी थेट जोडलेला आहे. योहान गाल्टुंगही समाजशास्त्रज्ञ. कुणी शस्त्र न उगारताही व्यवस्थेमुळे माणसं मरतात, याला त्याने १९६९ मध्ये संरचनात्मक हिंसा म्हटलं. आधी समाजशास्त्रातला विचारवंत, मग त्याच्याकडून घेणारा, या क्रमाने वाचा. उलट क्रमाने वाचलं तर वॉल्ट्झमधली 'संरचना' नुसती हवेत लटकलेली वाटते.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर डॉ. आंबेडकरांपासून सुरुवात करा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, कारण तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना सांगितलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणाबद्दलची नाराजीही होती. जातीचा अभ्यास आणि जगाच्या व्यासपीठाचा विचार त्यांच्याकडे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

तोच प्रश्न २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बान परिषदेत पुन्हा उभा राहिला. वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा विषय घ्यावा असा दलित संघटनांचा आग्रह होता. जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारत सरकारची भूमिका होती. पुढच्याच वर्षी वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्र समितीने 'जन्माधारित' भेदभावात जातही येते असं स्पष्ट केलं. या प्रकरणावर दोन पानं लिहून पाहा: पहिल्या पानावर जात आणि वंश यांत समाजशास्त्र कोणता फरक करतं, दुसऱ्यावर सार्वभौमत्वाचा मुद्दा कुणी कशासाठी पुढे केला. ही दोन पानं एकमेकांना अडवतात, आणि नेमकं कुठे अडवतात तेच शिकण्यासारखं आहे.

एक प्रश्न, शेवटपर्यंत: कांदा

एका सत्रात एकच प्रश्न धरा आणि तो खालपासून वरपर्यंत न्या. नाशिक, नगर, पुण्याकडच्या मुलांना कांद्याइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आधी घटनाक्रम एका पानावर तारखांसह मांडा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. ती असतानाच मार्च २०२४ मध्ये बांगलादेशासाठी ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन कांद्याला सरकारी मार्गाने परवानगी मिळाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात नाही) आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटलं.

मग पायऱ्या चढा. पहिली पायरी घर आणि शेत. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो उन्हाळ कांदा काही महिने ठेवू शकतो, ज्याच्याकडे नाही त्याला पडेल त्या भावात विकावा लागतो. बंदीचा फटका दोघांना सारखा बसत नाही. काढणीच्या आणि पात कापण्याच्या टोळीत बाया किती, मजुरी कशावर ठरते? दुसरी पायरी बाजार समिती. व्यापारी परवाने कोणाकडे आहेत, हमाल-मापारी कुठून येतात, लिलाव बंद ठेवायचा निर्णय कोण घेतं? तिसरी पायरी दिल्ली. शहरी ग्राहकाला महागाई नको, उत्पादकाला भाव हवा. सरकार एकाच वेळी परदेशाशी आणि घरच्यांशी बोलणी करत असतं, हा राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांचा दुहेरी पटाचा सिद्धान्त इथे लावून बघा. चौथी पायरी शेजार. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन कांद्याबद्दल जाहीर तक्रार केली होती. बंदी सर्वांना आणि सूट निवडक देशांना, याचा अर्थ कांदा हे परराष्ट्र धोरणाचं साधन झालं.

इथे दोन चुका नेहमी होतात. समाजशास्त्राची सवय असलेला विद्यार्थी दुसऱ्या पायरीवर थांबतो, कारण त्याच्या मनात समाज देशाच्या सीमेवर संपतो. आंतरराष्ट्रीय राजकारणाची सवय असलेला चौथीवर सुरुवात करून 'भारताला वाटलं', 'बांगलादेश रागावला' अशी वाक्यं लिहितो, जणू देश म्हणजे एकच माणूस. उपाय असा: लिहून झाल्यावर जिथे देश कर्ता आहे ते प्रत्येक वाक्य अधोरेखित करा आणि तिथे मंत्रालय, मंत्री, व्यापारी संघटना, मतदार यांपैकी नेमकं कोण ते घाला. आणि 'शेतकरी' शब्द आला की विचारा: किती एकरांचा, चाळ असलेला की नसलेला, पुरुष की बाई? एवढ्या दोन दुरुस्त्यांनी उत्तर कुठल्या कुठे जातं.

मुलाखती आणि मतदानाच्या नोंदी

प्रकल्पासाठी ८ ते १० सखोल मुलाखती पुरतात. तुमच्याच ओळखीच्या चार जणांच्या मात्र पुरत नाहीत. बाजारात लिलाव चालू असताना कुणी बोलणार नाही, तो उरकल्यावर जा. नाव छापणार नाही हे आधी मराठीत स्पष्ट सांगा आणि रेकॉर्डिंगला परवानगी विचारा. 'निर्यातबंदीबद्दल तुमचं मत काय?' असं विचारलं की पेपरात वाचलेलं उत्तर परत मिळतं. त्याऐवजी 'बंदी आली त्या आठवड्यात तुम्ही काय केलं?' असं विचारा. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास लागतात. बोलून टाइप होणाऱ्या ॲपवर विसंबू नका, बोलीतले शब्द तिथे बदलतात आणि अर्थही बदलतो.

दुसऱ्या बाजूला संयुक्त राष्ट्र महासभेच्या मतदानाच्या नोंदी वाचायला शिका. रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्याबद्दलच्या २ मार्च २०२२ च्या ठरावाला १४१ मतं बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ होती. भारत तटस्थांत होता. जे देश त्या वेळी हजरच नव्हते किंवा ज्यांनी मतच दिलं नाही, ते तटस्थांत मोजायचे नसतात; ही चूक फार वेळा दिसते. नोंदीसोबत भारताच्या प्रतिनिधीने दिलेलं मताचं स्पष्टीकरणही वाचा. त्याच आठवड्यात युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी अडकले होते. ते तिथे का गेले होते, हा प्रश्न इथल्या जागा, फी आणि मध्यमवर्गीय घरांच्या डॉक्टर होण्याच्या आकांक्षेपाशी येतो, म्हणजे पुन्हा समाजशास्त्रापाशी.

भारत सरकारची आकडेवारी हवी असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची लोकसभा-राज्यसभेतल्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यात कामाची. आखातात किती भारतीय आहेत, किती तक्रारी आल्या, कोणत्या देशाशी कामगारविषयक करार आहे, हे तिथे तारखेसह मिळतं. आकडा वापरताना तारीख आणि प्रश्न क्रमांक लगेच टिपून ठेवा. सत्राच्या शेवटी तो शोधत बसलात तर दिवस जातो.