कागद नंतर, काटा आधी

बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर मी कापड उद्योगात सस्टेनेबिलिटीच्या, म्हणजे माल पर्यावरणाला जपून बनतो का हे तपासण्याच्या, कामाला लागलो, तेव्हा चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी एवढंच कळलं, की पोरगा फिरून कापसातच आला. आज या क्षेत्रात येऊ पाहणारी खान्देशातली मुलं विचारतात, तेव्हा मीही तिथूनच सुरुवात करतो. शेत, जिनिंग (कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी करून रुई काढणारा कारखाना) आणि गाठ (रुईचा दाबून बांधलेला गठ्ठा) समजली नाही, तर पुढचे सगळे अहवाल पोकळ राहतात.

काम थोडक्यात असं. शर्टावर 'सेंद्रिय कापूस' लिहायचं, तर शेतापासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पुरावा लागतो. गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकात किमान ७० टक्के धागा सेंद्रिय हवा, आणि थेट 'सेंद्रिय' म्हणायचं तर ९५ टक्के. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला की प्रमाणन संस्थेकडून ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट घ्यायचं. त्यावर वजन असतं. सगळा खेळ त्या वजनाचा आहे.

आपल्याकडे ही साखळी तुटते ती खेडा खरेदीत. व्यापारी दारात येतो, चार गावांचा कापूस एकाच पिकअपमध्ये भरतो आणि जिनिंगच्या आवारात एकाच ढिगावर ओततो. शेतकऱ्याला रोख पैसे लगेच मिळतात, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण कुठल्या बांधावरचा कापूस कुठल्या गाठीत गेला, हे त्या ढिगापाशीच पुसलं जातं. त्यात २००२ पासून बीटी हे जनुक बदललेलं बियाणं आलं आणि आता शिवारंच्या शिवारं त्याचीच आहेत. सेंद्रिय मानकात असं बियाणं चालत नाही. म्हणून प्रमाणित कापसाला वेगळी जागा हवी, आणि तो यंत्रावर घेण्याआधी आधीच्या लॉटची रुई झाडून काढायला हवी.

माझी सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या हंगामातली. एका जिनिंगची कागदपत्रं मी तपासली, सह्या-शिक्के जागच्या जागी होते. ५०० क्विंटल कापूस आत, ११८ गाठी बाहेर. मी मंजूर म्हणून पुढे पाठवलं. प्रमाणन संस्थेने फाईल परत केली. गाठ १७० किलोची, म्हणजे रुई झाली २०,०६० किलो, उतारा, म्हणजे कापसातून निघालेल्या रुईचं प्रमाण, ४० टक्क्यांच्या वर. आपल्या कापसाचा उतारा साधारण ३४ टक्क्यांच्या आसपास, बाकी सरकी आणि थोडी घट. त्या कापसातून १०० गाठी निघाल्या असत्या. वरच्या १८ गाठींत बाहेरचा कापूस होता. सगळा लॉट प्रमाणपत्राविना राहिला. तीन वर्षं रासायनिक खत न टाकता उत्पन्नातली घट सोसलेल्या शेतकऱ्यांचा वाढीव भाव गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तिथला मुकादम मला नंतर म्हणाला, "भाऊ, कागद मंग दखजो, पहिले काटा दख." म्हणजे कागद नंतर बघ, आधी वजनकाटा बघ.

म्हणून आधी गुणाकार शिका. कापूस, रुई, सरकी, घट यांची बेरीज रोज जुळवायची. सूतगिरणीत हाच हिशोब रुई, सूत आणि वेस्टचा.

दुसरा टप्पा पाण्याचा. खान्देशातून बरीच रुई आणि सूत बाहेर जातं, त्यामुळे रंगाई आपल्या मुलांना दिसतच नाही. जमलं तर तमिळनाडूतल्या तिरुपूरला जाऊन या. नदीत सुटणाऱ्या सांडपाण्यामुळे मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले, आणि पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत तिथे रुजली. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना भरपूर मीठ लागतं, आणि साध्या जैविक प्रक्रियेने पाण्यातलं मीठ निघत नाही. त्यासाठी आरओ (दाबाने पडद्यातून पाणी गाळणं) आणि बाष्पीभवन लागतं, त्याला वीज आणि वाफ लागते. पाणी वाचतं तेव्हा कोळसा जळतो. ही ओढाताण ज्याला मांडता येते, त्याचं म्हणणं मालक ऐकतो.

विजेमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशोब त्या मानाने सोपा. बिलातले युनिट घ्यायचे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जाहीर केलेल्या उत्सर्जन गुणकाने गुणायचे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केल्यावर हे आकडे पुरवठादारांकडेही मागितले जाऊ लागले, त्यामुळे एक्सेल पक्कं असलेल्या मुलांना काम मिळतं.

शिक्षण म्हणाल, तर टेक्स्टाईलचा अभ्यासक्रम शिरपूरला आहे. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचं नागपूरला जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पऱ्हाट्यांपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्रही सिरकॉटचंच. बांधावर पेटवल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या पाहिल्या की मला ते हटकून आठवतं. रसायनशास्त्राची किंवा कृषीची पदवी असेल तरी चालतं. अहिराणी येत असेल तर शेतकरी मनातलं बोलतो. मुंबईहून आलेल्या तपासनीसाला ते मिळत नाही.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतात. ओळखीच्या एखाद्या ठिकाणी महिनाभर बसू द्यायची विनंती करा. सकाळी पहिली गाडी काट्यावर चढते तेव्हा तिथे हजर राहा, वजन स्वतःच्या वहीत लिहा, आणि गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येईपर्यंत तिथून हलू नका.