लॅटिनच्या विभक्ती शिकताना या चुका टाळा

‘स, ला, ते – स, ला, ना, ते.’ शाळेत घोकलेलं हे कोष्टक आठवतंय? द्वितीयेलाही हेच प्रत्यय आणि चतुर्थीलाही हेच. लॅटिन शिकणारा मराठी माणूस पहिला अडखळतो तो इथेच. आपलं पाठांतर कच्चं आहे असं त्याला वाटतं. खरं तर मराठीच त्याला चकवत असते.

‘मुलगी मुलाला पाहते.’ यातल्या ‘ला’ला भुलून आपण मुलाला डेटिव्ह, म्हणजे चतुर्थी लावतो आणि ‘पुएरो’ लिहून मोकळे होतो. पण मुलगा इथे कर्म आहे. त्याला अ‍ॅक्युझेटिव्ह (द्वितीया) हवी: पुएल्ला पुएरुम विदेत. ‘मुलगी मुलाला गुलाब देते’ या वाक्यात मात्र तोच मुलगा घेणारा झाला, म्हणून पुएल्ला पुएरो रोसाम दात. (दात म्हणजे ‘देते’, दातांशी संबंध नाही.) इथे दुसरा सापळाही आहे. मराठीत ‘गुलाब’ला प्रत्ययच लागला नाही, म्हणून आपण लॅटिनमध्येही नुसतं ‘रोसा’ ठेवतो. लॅटिनला सजीव-निर्जीव हा भेद ठाऊक नाही. कर्म म्हटलं की रोसाम.

‘ने’ तर त्याहून बेरकी. ‘मुलीने गुलाब पाहिला’ या वाक्यात मुलीला अ‍ॅब्लेटिव्ह (‘ने’, ‘हून’ अशा अर्थांची विभक्ती) लावायचा मोह होतो. लॅटिनमध्ये भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो: पुएल्ला रोसाम वीदित. शंका आली की मराठी वाक्य वर्तमानकाळात करून पाहा. ‘मुलगी गुलाब पाहते’ म्हटल्यावर ‘ने’ गळून पडतो आणि कर्ता उघडा पडतो. ‘तलवारीने’ मधला ‘ने’ मात्र असा गळत नाही. तो खरा करणाचा, तिथे अ‍ॅब्लेटिव्हच: ग्लादिओ.

‘शहरात राहतो’ आणि ‘शहरात येतो’ यांत आपला ‘त’ एकच. लॅटिनमध्ये राहायला ‘इन उर्बे’ (अ‍ॅब्लेटिव्ह), यायला ‘इन उर्बेम’ (अ‍ॅक्युझेटिव्ह). गावांच्या नावांना तर ‘इन’ही लागत नाही. रोमला जायचं तर नुसतं रोमाम, रोममध्ये राहायचं तर रोमाय. आणि ‘घरी’साठी दोमी! आपल्या ‘घरी’, ‘दारी’मध्ये जशी जुनी सप्तमी तग धरून आहे, तशी लॅटिनची सप्तमी दोमीसारख्या थोड्या शब्दांत उरली आहे.

संस्कृत शिकलेल्यांची चूक वेगळी. ते अ‍ॅब्लेटिव्हपुढे वहीत ‘पंचमी’ लिहून ठेवतात. लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी याच एका घरात येऊन राहिली आहे, त्यामुळे हे लेबल पुढे सतत छळतं. संस्कृतचा एक नियम मात्र जसाच्या तसा चालतो: नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखीच. बेल्लुम म्हणजे युद्ध, अनेकवचन बेल्ला. शेवटचा ‘आ’ पाहून त्याला स्त्रीलिंगी एकवचन समजू नका.

विभक्तींचा क्रमही पुस्तकागणिक बदलतो. बेंजामिन केनेडी या इंग्रज शिक्षकाच्या १८६६च्या लॅटिन प्राइमरपासून (शालेय व्याकरणापासून) ब्रिटिश पुस्तकांत प्रथमा, संबोधन, द्वितीया असा क्रम रूढ झाला; अमेरिकी पुस्तकांत प्रथमेनंतर लगेच षष्ठी येते. दोन पुस्तकांतून आलटून पालटून पाठ केलंत, तर तालच बिघडतो. एक धरा.

शब्द पाठ करताना फक्त पहिलं रूप घेणं ही सगळ्यांत महाग चूक. सेर्वुस, मानुस, कोर्पुस हे तिन्ही कानाला भावंडं वाटतात, पण षष्ठी विचारा: सेर्वी, मानूस, कोर्पोरिस. तीन वेगळी डिक्लेन्शन (नामं चालवण्याचे गट) निघाली. पाच डिक्लेन्शनची ओळख षष्ठीच्या एकवचनातच असते: आय, ई, इस, ऊस, एई. शिवाय ‘रेक्स’ (राजा) वरून ‘रेग्’ हे अंग कळत नाही, ‘रेगिस’वरून कळतं. मानुस (हात) आणि मानूस (हाताचा, किंवा अनेक हात) यांतला ऱ्हस्व-दीर्घ फरक देवनागरीत आपसूक दिसतो. वहीत त्याचा फायदा घ्या.

विशेषणाचं यमक जुळवणं ही पुढची खोड. पिंपळाचं शास्त्रीय नाव फिकुस रेलिगिओसा. शेवटी ‘उस’ असला तरी फिकुस स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण ‘आ’चं. उलट खलाशी: शेवटी ‘आ’ असला तरी पुल्लिंगी, म्हणून नाउता बोनुस (चांगला खलाशी). मुंबईचं जुनं बिरुद घ्या, ‘उर्ब्स प्रीमा इन इंदीस’ (हिंदुस्थानातलं पहिलं शहर). उर्ब्स तिसऱ्या डिक्लेन्शनचं, प्रीमा पहिल्याच्या वळणाचं; शेवट जुळत नाहीत, पण लिंग, वचन, विभक्ती तिन्ही जुळतात. आणि इंदीस? ‘इन’नंतरचं अ‍ॅब्लेटिव्ह अनेकवचन.

शेवटी ‘आय’. पुएल्लाय म्हणजे मुलीचा, मुलीला, मुली किंवा ‘मुलींनो’. शब्दाकडे टक लावून उत्तर मिळत नाही, आधी क्रियापद गाठा. ‘पोएता पुएल्लाय रोसास दात’ यात क्रियापद एकवचनी, म्हणजे देणारा कवी. पण ‘पोएताय पुएल्लाय रोसास दान्त’? क्रियापद अनेकवचनी, म्हणजे एक तर कवी मुलीला गुलाब देतात, नाहीतर मुली कवीला. व्याकरणाला दोन्ही मंजूर. निवाडा मागच्या-पुढच्या वाक्यांनी करायचा.