पूर्वहंगामी उसाआधी ताग: गाडायची तारीख चुकवू नका

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी ऊस लावायचा असेल, तर जूनपासून मोकळ्या राहणाऱ्या रानात ताग (बोरू) पेरून तो हिरवा असतानाच मातीत गाडण्यासारखे स्वस्त खत दुसरे नाही. बी फेकले की ताग उगवतो, त्यामुळे पेरणीत फारसे कोणी चुकत नाही. चूक होते ती गाडताना. ‘अजून हातभर वाढू दे’ म्हणत पंधरा दिवस जातात आणि कोवळ्या हिरवळीचे सरपण होऊन बसते.

मृगाचा चांगला पाऊस झाला की वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नसताना, पेरा. एकरी 20 ते 25 किलो बी लागते. पातळ पेरला तर ताग फांद्या फोडतो, बुंधा जाड होतो आणि कुजायला वेळ घेतो. दाट पेरलेला ताग सरळ, कोवळा वाढतो आणि तणालाही दाबतो. बी पाभरीने पेरा किंवा फेकून कुळवाची हलकी पाळी द्या, मात्र ते दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. घरचे जुने बी असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांत 80 च्या वर उगवले तर ठीक, कमी उगवले तर तेवढे बी वाढवा.

पेरणीच्या दिवशी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत सावलीत चोळा. जमिनीत एकरी दोन पोती सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत द्या. हा खर्च वाया जात नाही. स्फुरदाने मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी चांगल्या येतात, आणि तागाने उचललेला स्फुरद गाडल्यावर पुढच्या उसाला मिळतो. युरिया मात्र देऊ नका. आयता नत्र मिळाला की गाठींचे काम मंदावते.

उगवून पिवळा पडत असेल तर दोन गोष्टी तपासा. आधीच्या पिकात अॅट्राझिन हे तणनाशक फवारले होते का? त्याचा अंश उरलेल्या रानात ताग जळतो. दुसरे, पाणी साचते का? ताग पाण्यात उभा राहत नाही. चर काढून पाणी बाहेर काढा. चिबड (पाणी धरणारे) किंवा चोपण (क्षाराने बिघडलेले) रान असेल तर तागाचा हट्ट सोडून धैंचा हे दुसरे हिरवळीचे पीक पेरा, तो अशा जमिनीत तग धरतो. केसाळ अळी पाने खाताना दिसली तरी गाडायच्या पिकावर फवारणीचा खर्च सहसा परवडत नाही.

पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी चार ठिकाणची रोपे खुरप्याने मातीसकट उचला. उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात धुऊन एक गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लालसर असेल तर हवेतला नत्र जमतो आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठी नुसत्या नावाला आहेत.

आता गाडणी. पेरणीनंतर 45 ते 50 दिवस, तुरळक कळ्या दिसू लागल्या की थांबायचे नाही. जमिनीपासून वीतभर वर खोड वाकवून बघा. कट्‌कन मोडले आणि रस दिसला तर वेळ बरोबर आहे. मोडूनही सुतळीसारखे धागे लोंबत राहिले तर उशीर झाला. त्या धाग्यांत कर्ब जास्त आणि नत्र कमी, म्हणून ते कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि वरचा ऊस पिवळा दिसतो. असा निबर ताग गाडावाच लागला तर आधी रोटाव्हेटरने बारीक करा, एकरी 10 ते 15 किलो युरिया टाका आणि कुजायला सहा आठवडे धरून चाला.

वेळेवरचा ताग फळी फिरवून आडवा करा आणि ज्या दिशेला पडला त्याच दिशेने पलटी नांगर धरा, म्हणजे फाळात गुंतत नाही. 15 ते 20 सेंटिमीटर खोल, पूर्ण झाकला पाहिजे. वर राहिलेला वाळतो आणि वाळलेल्याचे खत होत नाही. जमिनीत ओल हवीच. पावसाने ओढ दिली तर एक पाणी द्या, नाहीतर कोरड्यात अर्धवट राहिलेल्या काड्यांना वाळवी लागते.

चांगल्या पिकातून एकरी सहा ते आठ टन हिरवा पाला मिळतो, त्यात साधारण 25 ते 35 किलो नत्र असते. सगळे पहिल्याच पिकाला मिळेल असे धरून उसाचा युरिया एकदम तोडू नका.

किमान तीन आठवड्यांनी माती उकरून बघा. आंबूस वास येत असेल किंवा काड्या ओळखू येत असतील तर सरी सोडायची घाई नको. जूनच्या मध्यावर पेरून ऑगस्टच्या सुरुवातीला गाडला तर लागणीपर्यंत दोन महिने हाती राहतात.

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी बांधाच्या कडेला एक-दोन गुंठे ताग उभा ठेवा. तागाचे परागीभवन मोठे भुंगे करतात, म्हणून फुलोऱ्यात त्या पट्ट्यावर कीटकनाशक नको. तागाचे बी विषारी असते, त्यामुळे शेंगा भरलेला ताग जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका. शेंगा हलवल्यावर खुळखुळू लागल्या की कापा.