गच्चीवरच्या फ्रेंच गुंडाला मराठी सबटायटल

मे महिन्यात नागपुरात गच्चीवर सिनेमा लावला, तर साडेसातच्या आधी पडद्यावर धड काही दिसत नाही आणि नंतर कूलरच्या घरघरीत ऐकू येत नाही. भाषा फ्रेंच असली की सगळी मदार सबटायटलवर. उदाहरणाला दिग्दर्शक क्लोद सोतेचा १९६०चा ‘क्लास तू रिस्क’ घेऊ. देहदंडाची शिक्षा झालेला गुंड आबेल बायकोपोरांसह इटलीत लपलाय. पैसे संपत आले म्हणून तो फ्रान्सकडे निघतो.

आधी वेळ जुळवा. सबटायटलची फाइल सेकंदाला २४ फ्रेमची आणि व्हिडिओ २५चा असेल, तर मिनिटाला २.४ सेकंदांचा फरक पडतो; अर्ध्या तासात सव्वा मिनिटाच्या आसपास. एकेक ओळ ओढत बसू नका, ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदला. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर सगळ्या ओळी एकदम सरकवा. वेळेचे आकडे इंग्रजीच ठेवा. मराठी कीबोर्डचा १२ पडला की प्लेअर ती ओळ गिळतो. फाइल यूटीएफ-८मध्ये, म्हणजे देवनागरी जपणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

अक्षरं मोजायला सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ‘क्षि’चे ते चार धरतं. ओळ मोठ्याने वाचा. वाचून होण्याआधी गेली, तर शब्द छाटा.

खरं काम बोलीचं. ‘प्लांक’ म्हणजे लपायची जागा. तिला ‘अड्डा’ म्हणू नका, अड्ड्यावर चारचौघं जमतात. ‘बालांसे’चा कोशातला अर्थ झुलवणं, गुंडांच्या तोंडी मात्र ‘पोलिसांना नाव सांगणं’. ‘वू’ला तुम्ही, ‘त्यू’ला तू, आणि कोण कोणाला काय म्हणतो याचा तक्ता आधीच करून ठेवा. मधेच गल्लत झाली की जुने दोस्त अनोळखी वाटू लागतात. ‘काहून बे’ कितीही तोंडाशी आलं तरी आवरा. पॅरिसचा गुंड तसं बोलला की गच्ची हसते आणि प्रसंग मेला.

लपलेल्या माणसाच्या सिनेमात आवाजच धोका सांगतात. कूलरमुळे ते बुडतात, म्हणून [जिन्यात पावलं], [दारावर थाप] असं लिहा, पण आवाज होतो त्याच क्षणी. अर्धा सेकंद आधी आलं की दाराकडे पाहणाऱ्याचा श्वास आधीच सुटलेला असतो.

चित्र कृष्णधवल आहे. पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं विरतात. काळी किनार द्या आणि दोन ओळींत अंतर ठेवा, वरचा उकार खालच्या रफारात अडकतो.