विटांची पिझ्झा भट्टी : बांधताना आणि पहिल्यांदा पेटवताना या चुका टाळा

भट्टी बांधून झाली, गवंडी हात धुऊन गेला आणि त्याच रविवारी पाहुणे बोलावले. मुळशीतल्या आमच्या शेतघरी पहिल्या भट्टीचं असंच झालं. दुपारी बाभळीची मनगटाएवढी लाकडं रचून पेटवली. अर्ध्या तासात आतून ‘टक्’ असा आवाज आला, मग आणखी दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर दाराच्या कमानीपासून थेट माथ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग होती आणि तीन विटांचे पापुद्रे फरशीवर पडले होते. ती भट्टी पाडून पुन्हा बांधावी लागली.

कारण पाणी. विटा भिजवताना, कटरवर पाणी सोडून कापताना, माल कालवताना भट्टीच्या अंगात कित्येक बादल्या पाणी मुरतं. त्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या साधारण १६०० पट जागा मागते. सावकाश तापवलं तर ती विटांच्या बारीक छिद्रांतून निघून जाते, घाई केली तर वीट फोडून बाहेर येते. पुढे सांगतो त्यातलं बरंचसं या ओलीशीच निगडित आहे.

गवंड्याशी आधी बोलून घ्या

आपल्याकडचे गवंडी भिंत, कमान, टाकी उत्तम बांधतात. पण घराच्या बांधकामातल्या काही चांगल्या सवयी भट्टीला मारक ठरतात आणि हे काम सुरू होण्याआधी बोललं पाहिजे.

पहिली सवय म्हणजे निव्वळ सिमेंट-वाळूचा माल. साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे सिमेंटची पकड सुटत जाते. थंड झाल्यावर तोच माल हवेतली ओल ओढून फुगतो आणि भुगा होऊन गळतो. तीन घमेली चाळलेली बारीक वाळू, एक घमेलं फायरक्ले (उच्च तापमान सोसणारी चिकणमाती), एक चुना आणि एक सिमेंट, हे प्रमाण घरगुती भट्टीला चांगलं चालतं. सिमेंट सुरुवातीला धरून ठेवतं, पुढे ते दमलं तरी चुना आणि फायरक्ले काम चालवतात. फायरब्रिकच्या (उच्च तापमान सोसणाऱ्या विटांच्या) दुकानात तयार फायरक्ले मॉर्टर मिळतं, पण त्यातला हवेत न सेट होणारा प्रकार खूप तापल्यावरच घट्ट होतो. उघड्यावरच्या भट्टीत तो वापरला आणि वळवाचा पाऊस आला, तर सांध्यांतून चिखल वाहतो.

दुसरी सवय जाड दर्जांची, म्हणजे विटांमधल्या मालाच्या सांध्यांची. घुमटात विटांच्या आतल्या कडा एकमेकींना जवळजवळ टेकल्या पाहिजेत, बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी फट सुटेल तिथे माल आणि विटेचे तुकडे भरा. आत मालाचा जाड थर राहिला तर तो आधी तडकतो आणि पिझ्झ्यावर खडा पडतो. सांधेमोड तर हवीच, उभी दर्जा वरच्या थरात तशीच पुढे गेली की भेगेला आयता रस्ता मिळतो.

तिसरी सवय सात दिवस पाणी मारण्याची. स्लॅबला ते हवंच. घुमटाला मात्र ओलं गोणपाट दोन-तीन दिवस पुरतं, नंतर पाण्याचा पाइप तिकडे नेऊ नका. निदान दोन आठवडे सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या.

धुराडं आणि दाराची उंची

चुलीची सवय म्हणून धुराडं घुमटाच्या माथ्यावर काढलं जातं. मग गरम हवा सरळ वर निघून जाते आणि कितीही लाकूड जाळा, भट्टी तापत नाही. धुराडं घुमटाच्या बाहेर, दाराच्या लगेच पुढे, कमानीवर हवं. थंड हवा दारातून खालच्या अंगाने आत जाते, ज्वाळा मागून वर चढून माथ्याला घासत पुढे येते आणि धूर दाराच्या वरच्या अंगाने बाहेर पडून धुराड्यात शिरतो. हा फेरा जमला तरच भट्टी चालते.

तो जमतो दाराच्या उंचीवर. आतला घुमट जितका उंच, त्याच्या साधारण ६३ टक्के दार उंच हवं. घुमट १८ इंच असेल तर दार ११ ते साडेअकरा इंच. ‘हात नीट जावा’ म्हणून दार १५ इंच केलं तर उष्णता बाहेर सांडते, ८ इंच केलं तर आग गुदमरते आणि धूर तोंडावर येतो. दार बांधून झाल्यावर हे माप बदलता येत नाही, म्हणून बांधण्याआधी मोजपट्टी स्वतःच्या हातात घ्या.

तीन फूट आतल्या व्यासाच्या भट्टीला फरशीसाठी तीस-पस्तीस, घुमटाला अर्ध्या करून पंचाहत्तर-ऐंशी आणि कमानीला वीसेक, अशा मोडतोड धरून दीडशे फायरब्रिक लागतात. एक वीट चार किलोच्या आसपास भरते. म्हणजे नुसत्या विटाच ६०० किलो होतात, तेव्हा ओटा तसाच भक्कम हवा. पैसे अगदीच कमी असतील तर घुमटाला चांगल्या भाजलेल्या लाल विटा घ्या, पण फरशी फायरब्रिकचीच करा. विटा कापताना मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसात बसते.

खालून गळणारी उष्णता

पिझ्झा वरून करपला आणि तळ पांढराफटक, ओलसर राहिला, तर बहुतेक वेळा फरशी थेट सिमेंटच्या स्लॅबवर बसवलेली असते. स्लॅब तासन्‌तास उष्णता पीत राहतो. फरशीखाली उष्णता अडवणारा थर हवा : पाच भाग परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइटला (तापवून फुगवलेली हलकी खनिजं) एक भाग सिमेंट, चार इंच जाड. हा थर स्पंजासारखा पाणी धरतो, म्हणून स्लॅबमध्ये दोन-तीन निचऱ्याची भोकं आधीच ठेवा आणि थर पुरता सुकल्याशिवाय फरशी बसवू नका. फरशीच्या विटांना माल लावायचा नाही. बारीक वाळू आणि फायरक्लेच्या पातळ थरावर त्या कोरड्याच बसवा, घुमटाच्या कडेला थोडी फट सोडा. तापल्यावर त्यांना पसरायला जागा लागते आणि एखादी फुटली तर बदलताही येते.

घुमटावर सिरॅमिक ब्लँकेटचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे) एक-एक इंचाचे दोन थर द्या. हातमोजे आणि मास्क घालूनच ते हाताळा. बाहेरचा गिलावा मात्र थांबवा. पहिली आग पूर्ण होण्याआधी गिलावा करून वर ऑइल पेंट फासणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि रंगाला फोड येतात.

पहिली आग : सात दिवस

यात एक दिवसही वाचवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर (लांबूनच तापमान दाखवणारा) घ्या किंवा मागून आणा, अंदाजाने हे काम होत नाही.

पहिल्या दिवशी लाकूड नकोच. घमेल्यात लाकडी कोळशाचे निखारे करून ते भट्टीच्या मधोमध ठेवा. ज्वाळा नाही, त्यामुळे एकाच जागी आच लागत नाही. माथ्याची वीट १००-१२० अंशांवर पाच-सहा तास राहील इतकेच निखारे घाला. दुसऱ्या दिवशी १५०, तिसऱ्या दिवशी २००, मग २५०, ३००, ३५० आणि सातव्या दिवशी ४००. तिसऱ्या दिवसापासून अंगठ्याएवढ्या सुक्या काटक्या वापरा, ज्वाळा माथ्याला चाटत असेल तर आग मोठी झाली. रात्री दारावर पत्रा टेकवा म्हणजे ऊब एकदम उतरत नाही.

दुसऱ्या भट्टीच्या वेळी तिसऱ्या दिवशी ब्लँकेट बाजूला करून घुमटावर तळहात टेकवला, तर तो ओला झाला. खालच्या चार थरांवर गडद ओला पट्टा उमटला होता आणि सांध्यांवर मोहरीएवढे थेंब होते. पाचव्या दिवशी पट्टा पुसट झाला, सहाव्या दिवशी विटा पुन्हा फिक्या दिसू लागल्या. असा पट्टा दिसला की घाबरू नका, ओल बाहेर येते आहे. तो असेपर्यंत त्या दिवसाचं तापमान दुसऱ्या दिवशीही तेवढंच ठेवा, वर चढवू नका.

कमी आचेच्या दिवसांत निखाऱ्याशेजारी रताळी ठेवता येतात. तेवढाच धीर धरायला आधार.

पेटवल्यावर अडलं तर

केसाएवढ्या भेगा जवळजवळ प्रत्येक घुमटाला पडतात. तापल्यावर उघडतात, थंड झाल्यावर मिटतात, त्यांना हात लावू नका. थंड भट्टीतही रुपयाचं नाणं उभं शिरेल एवढी भेग असेल तर ती झाडून, किंचित ओली करून फायरक्लेच्या मालाने भरा आणि पुन्हा तीन दिवस हळू तापवा. वीट हलत असेल तर मात्र पिझ्झा विसरा, तो भाग उतरवून बांधावा लागेल.

घुमट आतून काळाच राहतो, ही तक्रार बरेच जण करतात. भट्टी अजून तापलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ३५० अंशांच्या पुढे काजळी जळू लागते. आधी माथा उजळतो, मग ते खाली पसरतं आणि विटांचा मूळ रंग दिसतो. नापोलीच्या पद्धतीचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो, कारण तिथे फरशी ४०० अंशांच्या आसपास असते. निखारे एका बाजूला सारून फरशी मोजा. माथा उजळला पण फरशी ३०० वरच असेल तर निखारे फरशीभर पसरून वीस मिनिटं थांबा.

धूर पुढे येत असेल तर आधी लाकूड तपासा. ओलं लाकूड फसफसतं आणि टोकाला फेस येतो. निदान सहा महिने सुकलेली बाभूळ, आंबा, चिंच चालते. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड कधीच नाही. कण्हेर तर काटकीलाही नको, तिचा धूरही विषारी असतो. तापलेल्या फरशीवर पाण्याचा मग ओतून साफसफाई करू नका, वीट तिथेच चिरते. पितळी ब्रश पुरतो.

पावसाळा

गोव्यातल्या पोदेराचा (पाववाल्याचा) फोर्न, म्हणजे पावभट्टी, रोज पेटतो, त्याला ओल धरायला सवड मिळत नाही. आपली भट्टी महिन्यातून एकदा पेटते आणि जून ते सप्टेंबर गप्प असते. नुसती ताडपत्री गुंडाळली तर जमिनीची ओल आत कोंडते. चारही बाजूंनी दोन फूट पुढे येणारं पत्र्याचं छप्पर करा, वारा खेळू द्या.

दसऱ्यानंतर पेटवताना भट्टी नवीच आहे असं धरा आणि पुन्हा घमेल्यातल्या कोळशापासून सुरुवात करा. कोळशाच्या आचेत पाण्याची वाफ फारशी नसते, म्हणून एक सोपी परीक्षा घेता येते. स्टीलची थंड ताटली दाराच्या वरच्या अंगाला चार-पाच सेकंद धरा. तिच्यावर दव जमलं तर ते विटांतलं पाणी आहे. दुसऱ्या दिवशीही कोळसाच ठेवा. ताटली कोरडी निघाली की मग काटक्या.