अकरावी सायन्सच्या आधी इंग्रजी वाचायला शिका

मराठी माध्यमातून दहावी झालेली आपल्याकडची लेकरं अकरावी सायन्सला लातूर, नांदेड, परभणीला येतात आणि पहिल्याच आठवड्यात गप्प होतात. बल, प्रकाश, पेशी हे सगळं त्यांनी गावच्या शाळेत नीट शिकलेलं असतं. तेच धडे इंग्रजीत समोर आले की ओळखू येत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा पेपर मराठीतून देता येतो हे खरं, पण बहुतेक ठिकाणी शिकवणं आणि जाडजूड पुस्तकं इंग्रजीतच. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मीही याच वाटेनं कृषी पदवीपर्यंत आले. आता सुट्टीत गावी गेले की आठवी ते दहावीच्या मुलांना वाचायला बसवते. या अनुभवावरून माझं ठाम मत झालंय: बोलण्याच्या क्लासला पैसे भरण्याआधी सोपं इंग्रजी भरपूर वाचा.

सोपं म्हणजे खरंच सोपं. नववीत असाल तर पाचवी-सहावीचं इंग्रजीचं पुस्तक घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं फुकट मिळतात. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक बाजूला ठेवा आणि खालच्या इयत्तेचं काढा. यात कमीपणा काहीच नाही. दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागली तर पानाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, आणि मग पोरं पुस्तकच मिटून टाकतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार गोष्टी आहेत, त्यातल्या बऱ्याच मराठीतही आहेत. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो, हे मला माहीत आहे. रात्री अर्धा तास मागून घ्या, चार गोष्टी उतरवून ठेवा, मग नेटची गरज पडत नाही.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजीत सगळ्यात आधी वाचन यावं, कारण त्याचा उपयोग लवकर होतो, असं त्यांनी १९२६ साली मांडलं. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले बहुतेक शब्द अशा दोनेक हजारांतलेच असतात. म्हणून अवघड, भारदस्त शब्दांच्या मागे आत्ताच लागू नका.

शब्द पाठ करण्याची आपली पद्धत म्हणजे वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, रोज दहा. परीक्षेनंतर त्यातलं फार थोडं उरतं. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापा. एका बाजूला जिथं तो शब्द भेटला ते अख्खं वाक्य लिहा, शब्दाच्या जागी रेघ ओढा. मागे शब्द आणि मराठी अर्थ. तीन डबे करा. नवा तुकडा पहिल्या डब्यात, तो रोज बघायचा. आला की दुसऱ्यात, तिथं तीन दिवसांनी. पुन्हा आला की तिसऱ्यात, तिथं आठवड्यानं. चुकला की परत पहिल्या डब्यात. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितली आणि आजची शब्दांची बरीच ॲप याच तत्त्वावर चालतात. विसरायच्या बेतात असलेली गोष्ट आठवून काढली की ती पक्की बसते.

व्याकरणात काळांचे बारा रकाने घोकण्याआधी स्वतःच्या मराठीकडे बघा, तिथं बरंच आयतं सापडतं. ‘मी जेवले’ आणि ‘मी जेवलेय’ यातला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही, तरी कळतो. ‘जेवलेय’ म्हणजे आत्ता पोट भरलेलं आहे. इंग्रजीतलं ‘आय हॅव ईटन’ तेच सांगतं. अडचण एकच: मराठीत ‘मी कालच आलेय’ चालतं, इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅव’ काढायचं आणि ‘आय केम यस्टर्डे’ म्हणायचं. तसंच विभक्तीचं. आपला प्रत्यय शब्दाला मागून चिकटतो: परभणीला, परभणीत, परभणीहून. इंग्रजीत तो पुढे वेगळा उभा राहतो: टू परभणी, इन परभणी, फ्रॉम परभणी. पण प्रत्येक ‘ला’चा ‘टू’ होत नाही. ‘आईला भेटले’ याचं ‘आय मेट माय मदर’, मध्ये काही नाही. ‘मला ताप आहे’ याचं ‘आय हॅव अ फीव्हर’. अशी वाक्यं दिसतील तशी वेगळ्या पानावर गोळा करा, घरातल्या रोजच्या बोलण्यातलीच. व्हॉइस आणि डिग्री बदलण्याचे प्रश्न परीक्षेपुरते करा, त्यात जीव घालवू नका.

वाचायला आणखी काय? फवारणीच्या औषधाच्या खोक्यातलं घडीपत्रक काढून घ्या (फक्त कागद, बाटलीला हात नको). एकच माहिती इंग्रजीत आणि आपल्या भाषांत असते: किती पाण्यात मिसळायचं, अंगात काय घालून फवारायचं, विषबाधा झाली तर काय करायचं. अर्थ आधीच माहीत असल्यामुळं वाक्याची बांधणी नीट दिसते. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या खुणेचा अर्थही शिकून घ्या, घरच्यांना उपयोगी पडेल. पावसाळ्यात जायकवाडीची बातमी आधी मराठी पेपरात वाचा, मग त्याच दिवशीची इंग्रजीत. २७ दरवाजांपैकी किती उघडले, किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, गोदाकाठच्या गावांना इशारा, सगळं ओळखीचं असल्यानं नवा शब्द अंदाजानं कळतो. परभणी किंवा पूर्णा स्टेशनावर गाडीची वाट बघताना घोषणा लक्ष देऊन ऐका, तीच माहिती तीन भाषांत कानावर पडते. मोठ्यानं वाचायची सवयही ठेवा. इंग्रजी जसं लिहितात तसं उच्चारत नाहीत, त्यामुळं शंका आली की फोनमधल्या डिक्शनरीत उच्चार ऐकून घ्यायचा.

आणि एक काम नववी-दहावीतल्या प्रत्येकानं करावंच. बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतं. धडे तेच, आकृत्या त्याच. शाळेत जो धडा मराठीतून झाला, तोच त्या आठवड्यात इंग्रजीत उघडा. आधी फक्त आकृत्यांखालची नावं वाचा, मग व्याख्या, मग स्वाध्यायातले प्रश्न. सगळा मजकूर सुरुवातीला वाचायचा हट्ट नको. प्रकाश, विद्युतधारा, आनुवंशिकता असे तीन-चार धडे या रीतीनं झाले की वाक्यं तीच तीच यायला लागतात. दहावीचा पेपर झाल्यावर उन्हाळ्यात राहिलेले धडे घ्या, आणि जूनच्या आधी एखाद्या सीनियरकडून अकरावीचं जीवशास्त्राचं जुनं पुस्तक मागून आणून पहिला धडा वाचून बघा.