नार्वे, फर्मागुढी, बेतूल: गोव्यातील शिवस्थळे कशी पाहावीत

गोव्यात छत्रपती शिवाजी महाराजांची स्मृती जागवणारी स्थळे पाहायला निघणारा प्रवासी सहसा पुतळ्यापासून सुरुवात करतो, फुले वाहतो, छायाचित्र काढतो आणि परततो. माझे आग्रहाचे सांगणे असे की हा क्रम उलटा करावा. पुतळे आपल्या काळातले आहेत; महाराजांच्या हयातीतला कोरीव पुरावा मात्र डिचोली तालुक्यातील नार्वे गावी श्री सप्तकोटेश्वराच्या देवळात आहे. तो आधी वाचला म्हणजे पुढच्या प्रत्येक ठिकाणी आपण काय पाहतो आहोत हे उमगत जाते.

निघण्यापूर्वी गोव्याच्या नकाशाकडे एकदा नीट पाहावे. महाराजांच्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी एवढाच मुलूख होता. फोंडा १७६३ साली, डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, म्हणजे महाराजांनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी पोर्तुगीज अमलाखाली गेले. या जुन्या आणि नव्या काबिजादींची, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी आणि नंतर जिंकलेल्या मुलखांची, सीमा बऱ्याच ठिकाणी नद्यांवरून जात होती, आणि आपल्याला जी स्थळे पाहायची आहेत ती या सीमेच्या पलीकडच्या अंगाला आहेत. महाराजांची फौज १६६७ च्या नोव्हेंबरात बार्देशात शिरली होती, परंतु तिथे त्यांचे बांधकाम शोधू नये.

पणजीहून नार्वेला जाण्यासाठी डिचोलीमार्गे रस्ता आहे, पण हाताशी अर्धा दिवस असेल तर दिवाडी बेटावरून जावे. रायबंदर किंवा जुने गोवे येथील धक्क्यावरून फेरीबोटीने बेटावर उतरावे, बेट ओलांडून नार्वेच्या धक्क्यावर यावे आणि तिथून दुसऱ्या फेरीबोटीने डिचोलीच्या काठाला लागावे. या वाटेचा आग्रह धरण्याचे कारण असे की देवाची वाटही हीच होती. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव. त्यांच्या नाण्यांवर स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचे धनी म्हणवणारी अक्षरे आढळतात. त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर भक्तांनी लिंग नदीपलीकडे, पोर्तुगीजांचा हात पोहोचणार नाही अशा मुलखात नेले. बेटावर मूळ स्थानाजवळ कोटितीर्थाचे तळे आहे; ते पाहून मग नदी ओलांडावी.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांना नार्वे हेच नाव आहे, त्यामुळे मोबाइलवरचा नकाशा कधी बेटावरच थांबवतो. शोधताना ‘सप्तकोटेश्वर मंदिर, डिचोली’ असेच लिहावे. फेऱ्यांच्या वेळाही धक्क्यावर विचारून घ्याव्यात, विशेषतः परतीच्या, कारण शेवटची फेरी चुकली तर लांबचा वळसा पडतो.

देवळासमोर आल्यावर लगेच आत जाऊ नये. बाहेर उभे राहून रचना पाहावी: उंच दीपस्तंभ, कौलारू उतरते छप्पर आणि मागे अष्टकोनी बैठकीवर बसवलेला घुमट. घाटावरच्या शिखराच्या देवळांची सवय असलेल्या डोळ्यांना ही घडण वेगळी वाटेल, पण गोव्यातील पुढच्या अनेक देवळांशी तिचे नाते सहज दिसते. गोवा सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा भाविकांसाठी खुले झाले, म्हणून रंग आणि गिलावा नवा दिसतो.

मग प्रवेशद्वारापाशी यावे आणि मान वर करावी. तिथे देवनागरीतला शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, या दिवशी शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला, असा त्याचा आशय. शकात ७८ मिळवले की इसवी सन १६६८ येते, म्हणजे रायगडावरील राज्याभिषेकाच्या सहा वर्षे आधी. पाडलेल्या देवळाचा देव नदीपलीकडे आश्रयाला आला होता, आणि त्याला पक्के घर देण्याचा निर्णय एका राज्यकर्त्याने तिथीवारासह दगडावर कोरवून घेतला. महाराजांचे राजकारण समजून घ्यायला मला यापेक्षा बोलका दगड गोव्यात दुसरा माहीत नाही. अक्षरे लावायला वेळ लागतो. मुले बरोबर असतील तर त्यांना शकाचा आकडा स्वतः शोधू द्यावा.

आत धारालिंगाचे, म्हणजे उभ्या धारा कोरलेल्या शिवलिंगाचे, दर्शन घ्यावे. पादत्राणे बाहेर, अंगभर कपडे, आणि गाभाऱ्याचे छायाचित्र काढण्यापूर्वी देवस्थानाच्या माणसांची परवानगी, एवढे पथ्य पाळावे. गोकुळाष्टमीला येथे पंचगंगा तीर्थावर स्नानाला मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी जावे ते जत्रेसाठी, शिलालेख शांतपणे वाचण्यासाठी नव्हे.

फर्मागुढी फोंड्याच्या अलीकडे, पणजी-फोंडा रस्त्यालगत आहे आणि फोंड्याच्या बसने तिथे सहज उतरता येते. महाराजांचा पुतळा आणि किल्ल्याचे स्मारक असे या स्थळाचे स्वरूप असल्याने सतराव्या शतकातले बुरूज पाहायला मिळतील या अपेक्षेने जाऊ नये. येथे आठवायचा तो १६७५ चा वेढा. आदिलशाही अमलातील फोंड्याचा किल्ला १६६६ मध्ये हाती आला नव्हता. १६७५ च्या उन्हाळ्यात महाराजांनी तो पुन्हा वेढला, तटाला सुरुंग लावले आणि मे महिन्यात जिंकून घेतला. आतील शिबंदीला पोर्तुगीज गुपचूप मदत पोहोचवू पाहत होते, कारण फोंडा गेला की मराठे तिसवाडीच्या उंबऱ्यावर येणार होते. त्यांची भीती खरी ठरली: १६८३ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज विजरई (राजप्रतिनिधी) कोंद द आल्व्होर स्वतः या किल्ल्यावर चालून आला आणि संभाजी महाराजांनी त्याला माघारी पिटाळले. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, फर्मागुढीला सोहळा असतो. मोकळेपणाने पाहायचे असेल तर इतर दिवशी सकाळी जावे. शेजारीच गोपाळ गणपतीचे देऊळ आहे.

बेतूल दक्षिणेला, साळ नदीच्या मुखाजवळ, केपे तालुक्यात आहे, आणि त्यासाठी वेगळा दिवस राखावा. हा किल्ला महाराजांच्या आज्ञेवरून बाळ्ळी गावच्या हवालदाराने, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याने, १६७९ मध्ये बांधला. पहाऱ्याचा एक बुरूज आणि एक तोफ, एवढेच आज उरले आहे. पावसाळ्यात गवत माजते आणि चिरा निसरडा होतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा; पायात पकड असलेले बूट असावेत आणि पाणी बरोबर घ्यावे. बुरुजापाशी उभे राहून नदीचे मुख आणि पलीकडची सासष्टी पाहिली की जागा का निवडली ते कळते: नदीत शिरणारे प्रत्येक गलबत येथून नजरेच्या टप्प्यात येत होते. तोफेवर चढून छायाचित्रे काढण्याची चाल पडली आहे, ती कटाक्षाने टाळावी, आणि बरोबरच्या मुलांनाही आधीच तसे सांगून ठेवावे.